मुदत संपलेला पायलट

डॉक्टर पायलट आहेत, असं त्यांची बायको म्हणाली, आणि तिथून सगळं सुरू झालं. ती 'होते' म्हणाली असती तर काहीच बिघडलं नसतं. लोकांनी "अरे वा" म्हणून चहाचा पुढचा घोट घेतला असता. पण ती 'आहेत' म्हणाली, आणि त्या एका क्रियापदापायी एका सज्जन दंतवैद्याला पुढे उकडलेल्या भाज्या खाव्या लागल्या, स्वतःच्याच जुन्या पेशंटकडून दटावून घ्यावं लागलं आणि उतारवयात गळ्यात 'शिकाऊ' अशी पाटी अडकवून फिरावं लागलं.

अर्थात बायकोचीही बाजू होती. लेकीचं लग्न ठरत होतं आणि होणारे व्याही पहिल्यांदाच घरी आले होते. व्याह्यांचा पाण्याच्या टाक्या विकायचा धंदा. अंगाने माणूस काडीसारखा, पण बोलायला लागला की आपल्याच एखाद्या रिकाम्या टाकीत उभा राहून बोलतोय असं वाटावं. आल्यापासून ते त्यांच्या नव्या गाडीविषयी सांगत होते. गाडी किती वेगाने जाते, आत बसल्यावर आवाज कसा येत नाही, सीट पाठीला कशी शेकते. आवाज येत नाही हे ते इतक्या मोठ्याने सांगत होते की शेजारच्यांनाही ते कळलं असणार. विहीणबाई अधूनमधून "अहो, पण त्यांना..." एवढंच म्हणायच्या. त्यापुढचं वाक्य काय असायचं ते कुणालाच कळलं नाही, कारण व्याही ते मधेच उचलायचे आणि आपल्याला हवं तिकडे घेऊन जायचे.

"तुमच्याकडे कुठली गाडी?" व्याह्यांनी विचारलं.

डॉक्टरांच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नव्हतं आणि पुढचं बाहेरून. हे कसं सांगावं याचा ते विचार करत होते, तेवढ्यात बायको म्हणाली, "गाडीचं काय एवढं. हे पायलट आहेत."

त्या संध्याकाळची पहिली शांतता खोलीत पसरली.

"पायलट? विमानाचे?"

"विमानाचेच," बायको म्हणाली आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

व्याही उठले आणि एकदा मिळवलेला हात त्यांनी पुन्हा नव्याने मिळवला. "कमाल आहे! दात काढता आणि विमानही उडवता! ते काही नाही व्याही, लग्नाआधी वर एक चक्कर झालीच पाहिजे!"

"अहो, पण त्यांना..." विहीणबाई म्हणाल्या.

"वेळ असणारच! आपल्या माणसांसाठी काढतीलच वेळ!"

पाहुणे गेल्यावर डॉक्टर बायकोकडे नुसते बघत राहिले.

"असं काय बघताय? खोटं बोलले का मी? लायसन्स कपाटात नाहीये?"

"लायसन्स आहे. रेटिंग गेलं."

"कुठे गेलं?"

"गेलं म्हणजे संपलं. लायसन्स जन्मभर राहतं. पण विमान उडवायचं तर त्या विमानाचं रेटिंग चालू लागतं. माझं एका इंजिनाचं होतं. दवाखाना सुरू केला, पोरीचा जन्म झाला, मग त्याची मुदत संपली."

"मग करून आणा नवीन," बायको म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

डॉक्टरांची लेक बिस्किटांची बशी उचलत होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, म्हणजे तुमचं लग्न झालंय पण बायको नाही, असं?"

हवाई खात्याच्या कार्यालयात डॉक्टर पहिल्यांदा गेले ते चांगला इस्त्रीचा शर्ट घालून. तिथल्या काचेला जे भोक होतं ते साधारण पोटाच्या उंचीवर होतं, त्यामुळे आत बसलेल्या कारकुनाशी बोलायचं तर कमरेत वाकावं लागे. आयुष्यभर दुसऱ्यांना आडवं करून बोलायची सवय असलेल्या माणसाला हे फार लागलं.

कारकुनाने लायसन्स उलटंपालटं करून बघितलं. आतल्या फोटोत भरगच्च केसांचा एक तरुण होता. कारकुनाने फोटोकडे बघितलं, डॉक्टरांच्या डोक्याकडे बघितलं आणि उसासा टाकला.

"लायसन्स जिवंत आहे. रेटिंग मेलंय."

"मग काय करावं लागेल?"

"उजळणी. फ्लाइंग क्लबात जायचं, तिथले लोक म्हणतील तितकं उडायचं, मग परीक्षक बसेल शेजारी. तो हो म्हणाला की झालं."

हे ऐकायला फार सोपं वाटलं. फ्लाइंग क्लबात म्हणाले, आधी मेडिकल आणा. मेडिकल करणारे म्हणाले, क्लबात नाव घातल्याचा दाखला आणा. क्लबात म्हणाले, मेडिकलशिवाय नाव कसं घालणार? डॉक्टर या दोघांमध्ये इतके हेलपाटे घालत होते की दोन्हीकडचे शिपाई त्यांना चहा विचारायला लागले. शेवटी पुन्हा त्या काचेच्या भोकापुढे वाकल्यावर कारकून म्हणाला, "यातून एक वाट आहे. पण तुम्हाला पटणार नाही."

"सांगा."

"'शिकाऊ' म्हणून नाव घाला. शिकाऊ माणसाचं मेडिकल मागाहून चालतं."

डॉक्टरांनी स्वाभिमान गिळला. दात काढल्यानंतर पेशंटला ते जसं "चूळ भरू नका, गिळून टाका" असं सांगत, तसाच अगदी.

इकडे इमारतीत बातमी फुटली होती. ती फोडली वरच्या मजल्यावरच्या 'विंडोसीट'ने. हा गृहस्थ कंपनीच्या कामासाठी सारखा विमानाने जायचा, दरवेळी खिडकीचीच जागा मागून घ्यायचा, आणि खिडकीतून पंख बघून बघून आपल्याला विमानशास्त्र अवगत झालंय अशी त्याची खात्री होती. तो जिन्यात डॉक्टरांना गाठायचा.

"डॉक्टर, उतरताना पंखाची ती मागची फळी खाली जाते, तेवढं लक्षात ठेवा. बाकी सगळं आपोआप होतं."

"बरं."

"आणि ढग आला तर घाबरू नका. आरपार जातो. मी पुष्कळदा गेलोय."

तळमजल्यावरच्या काकूंची अपेक्षा त्या मानाने व्यवहारी होती. "वरून जाल ना, तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट लागलंय का तेवढं बघा. कुणी वर जाऊन बघतच नाही हो."

दवाखान्यातही सुटका नव्हती. तोंडात नळी आणि कापूस असलेली माणसंसुद्धा "आ ऊ आ आ" करून सल्ले देत. एकाने तर दाढ काढून घेताना हातांनी विमान करून दाखवलं आणि ते डॉक्टरांच्या पोटावर उतरवलं.

पोटाचा विषय पुढे रीतसर निघालाच. मेडिकलमध्ये डोळे ठीक निघाले, कान ठीक निघाले, रंग ओळखता आले. डॉक्टर तरंगत क्लबात पोचले. तिथे त्यांना शिकवायला जी आली ती त्यांच्या लेकीच्या वयाची. सगळे तिला कॅप्टन म्हणत होते.

"डॉक्टरकाका, ओळखलंत का?"

डॉक्टरांना चेहरा काही ओळखता येईना. मग ती हसली आणि त्यांनी दात ओळखले. वरचे पुढचे चार, एकावर एक चढलेले. तारा लावून लावून त्यांनीच रांगेत आणलेले. कामाकडे बघून त्यांचा ऊर भरून आला.

"अरे! तू! किती सुरेख बसलेत!"

"तुम्ही दरवेळी तार आवळताना काय म्हणायचात, आठवतं? 'अजिबात दुखणार नाही.'"

"दुखायचं का?"

"बसा विमानात," कॅप्टन म्हणाली. "अजिबात भीती वाटणार नाही."

पण बसायच्या आधी तिने वजनाचा काटा पुढे सरकवला, आकडा बघितला आणि विचारात पडली. "काका, हे छोटं विमान आहे. तुम्ही, मी आणि पेट्रोल, यातलं काहीतरी कमी करावं लागेल. पेट्रोल कमी करता येत नाही. मी आधीच कमी आहे."

त्या दिवसापासून घरात उकडलेल्या भाज्या सुरू झाल्या. बायको म्हणाली, सगळे मिळून खाऊ म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. आठवडाभरात सगळ्यांनाच एकटं वाटायला लागलं. लेक बाहेर जेवून यायची. बायकोचं वजन उतरलं. डॉक्टरांचं तेवढं जागचं हलेना, तेव्हा त्यांना सकाळी चालायला पाठवण्यात आलं, आणि विंडोसीट सोबत यायला लागला. दोघं चालत. त्यातला एक बोलत असे. शेवटी काटा एकदाचा कॅप्टनच्या मनासारखा उतरला.

विमानातला पहिला दिवस डॉक्टरांनी पुढे कधीच कुणाला नीट सांगितला नाही. आपल्याला सगळं आठवतंय अशी त्यांची समजूत होती, आणि एका अर्थी आठवतही होतं. फक्त हाताला एक आठवत होतं आणि पायाला दुसरं. विमान धावपट्टीवर टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं, परत उडालं आणि मग एकदाचं वैतागून खाली राहिलं.

"काका," कॅप्टन शांतपणे म्हणाली, "यातलं तुमचं लँडिंग कुठलं धरायचं?"

विमान वळवायची दांडी धरण्यावरून तर रोज वाद. "दाढ उपटताय का? दोन बोटांनी धरा. विमानाला उडायचंय, तुम्ही नुसतं त्याच्या आड येऊ नका." डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण तिचं बरोबर असायचं. शिवाय ती हसली की तिला रागावणं त्यांना जमत नसे. आपल्याच हातच्या कामावर कसं रागावणार?

घरी सराव चाले. स्वयंपाकघरातली खुर्ची, दोन गुडघ्यांमध्ये छत्री, समोर ओट्याची कड हे क्षितिज. एकदा डॉक्टर डोळे मिटून वळण घेत असताना विंडोसीट वर्तमानपत्र मागायला आला. त्याने काहीही न विचारता दुसरी खुर्ची ओढली आणि मागे बसला, खिडकीच्या बाजूला. दवाखान्यात एका पेशंटची खुर्ची वर उचलताना डॉक्टरांच्या तोंडून "पूर्ण शक्ती, नाक वर" असं निघून गेलं. पेशंट कापूस तोंडात ठेवूनच निघून गेला.

सगळ्यात अवघड होतं ते इंजिन बंद पडल्याचं नाटक. उंचावर गेल्यावर कॅप्टन एकदम इंजिनाची शक्ती काढून घ्यायची आणि म्हणायची, "इंजिन गेलं. आता?" आता काय, हे पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. वेग सांभाळायचा, मोकळी जागा हेरायची आणि तिकडे घसरत जायचं. पण त्या अचानक आलेल्या शांततेत डॉक्टरांचं डोकंही बंद पडायचं. एकदा त्यांनी जागा हेरली, तर जवळ गेल्यावर तिथे तळं निघालं. एकदा ते जागा हेरतच राहिले. कॅप्टनने शेवटी स्वतःच इंजिन वाढवलं आणि विमान परत आणलं. उतरल्यावर म्हणाली, "काका, परीक्षा जरा पुढे ढकलू या?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पेशंटला "आपण ही दाढ वाचवायचा प्रयत्न करू" असं डॉक्टर ज्या आवाजात म्हणत, त्याच आवाजात ती बोलली होती. त्या आवाजाचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला माहीत असणार?

घरी येऊन त्यांनी जॅकेट खुंटीला अडकवलं. "मी व्याह्यांना सांगून टाकतो. पायलट होतो, आता नाही. हसतील थोडे. हसू दे."

बायको फाटे फोडेल, वाद घालेल, असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "सांगा. तुम्हाला नको असेल तर सांगाच."

मग जॅकेटची कॉलर नीट करत म्हणाली, "मला आपलं बरं वाटत होतं. इतकी वर्षं सकाळी घराबाहेर पडताना तुमचा चेहरा दुसऱ्याच्या दाढेत अडकलेला असायचा. हल्ली जिन्यात शीळ घालत जाता."

"मी शीळ घालतो?"

"बेसूर."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर क्लबात सगळ्यांच्या आधी हजर होते. कॅप्टनला म्हणाले, "आज दुसरं काही नको. नुसतं इंजिन बंद पाडत राहा." तिने पाडलं. पुन्हा पाडलं. दिवसेंदिवस पाडत राहिली, आणि एका सकाळी डॉक्टरांच्या लक्षात आलं की शांतता झाल्यावर आपलं डोकं चालू राहिलंय. खाली एक लांबट पिवळं शेत होतं आणि ते आपोआप विमानाच्या नाकासमोर येत होतं.

परीक्षक हा अतिशय कमी बोलणारा माणूस होता. त्याच्याकडे 'हं' हा एकच शब्द होता. तो निरनिराळ्या सुरांत म्हणायचा आणि त्यातला पसंतीचा कुठला हे समोरच्याने ओळखायचं. विमान उडालं, "हं." वळलं, "हं?" मग त्याने इंजिनाची शक्ती काढून घेतली. डॉक्टरांनी जागा हेरली आणि विमान तिकडे वळवलं.

परीक्षक पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलला. "त्या शेतात गाई बसल्यात."

"उठतील," डॉक्टर म्हणाले.

परीक्षकाने वाकून खाली बघितलं. गाई खरोखरच उठत होत्या. "हं," तो म्हणाला आणि त्याने इंजिन परत दिलं. उतरल्यावर त्याने सही केली. डॉक्टरांनी कॅप्टनचा हात इतका वेळ हलवला की शेवटी ती म्हणाली, "काका, दोन बोटांनी."

व्याह्यांना रविवारी क्लबात बोलावलं. ते सकाळी सकाळी गॉगल लावून, गळ्यात कॅमेरा अडकवून आले. फाटकापासूनच त्यांचा आवाज ऐकू येत होता. विमान म्हणजे काय, त्यात बसायचं कसं, हे ते विहीणबाईंना समजावत होते. मग त्यांना विमान दिसलं.

विमानांचं असं असतं की ती दुरून लहान दिसतात आणि जवळ गेल्यावर मोठी होतात. हे जवळ गेल्यावरही लहानच राहिलं. व्याह्यांनी पंखाला हात लावला, तर पंख जरासा हलला.

"हेच?" ते म्हणाले. आवाज टाकीच्या बाहेर आला होता.

"हेच. या, बसा."

"नाही नाही," व्याही मागे सरले. "आधी वहिनींचा मान. पहिली फेरी त्यांचीच!"

बायकोला यायचं नव्हतं. पण विहीणबाई बघत होत्या, जावई होऊ घातलेला मुलगा बघत होता, लेक तर हसू दाबून बघत होती. बायकोने पर्स लेकीकडे दिली आणि चढली.

डॉक्टरांनी तिचा पट्टा आवळला, कानांवर हेडफोन बसवला, समोरच्या दांडीला हात लावायचा नाही असं बजावलं. विमान धावलं, उचललं गेलं आणि खालची माणसं बोटाएवढी झाली. बायकोने लगेच समोरची दांडी घट्ट धरली.

"हलवत नाही मी. नुसती धरते. धरायला काहीतरी नको का?"

ती हलवत नव्हती हे खरं. पण त्या दांडीवर रेडिओवर बोलायचं बटण होतं, आणि त्यावर तिचा अंगठा गच्च बसला होता. आता तिचा शब्दन्शब्द खाली क्लबाच्या खोलीत टेबलावरच्या रेडिओतून ऐकू येत होता, आणि त्या रेडिओभोवती कॅप्टन, लेक, जावई, व्याही आणि विहीणबाई असे सगळे उभे होते. डॉक्टरांचं बटण मात्र मोकळं होतं, त्यामुळे ते काय बोलत होते ते खाली कुणालाच ऐकू येत नव्हतं. अंगठा निघेपर्यंत खालून कुणी त्यांना सावधही करू शकत नव्हतं. रेडिओ आज किती शांत आहे, असं डॉक्टरांना वाटत होतं.

भीती वाटली की बायको बोलत सुटते.

"व्याह्यांचा चेहरा बघितलात? विमान दिसल्याबरोबर चुन्यासारखा पांढरा! आणि म्हणे वहिनींचा मान! एवढा मान आमच्या चहाला नाही दिला कधी."

डॉक्टर खदखदून हसले. "नुसता फुगा आहे," ते म्हणाले. हे खाली गेलं नाही.

"मुलगा गुणी आहे हो. आईवर गेलाय ना. बापावर गेला असता तर मी या लग्नाला उभीच राहिले नसते. आणि ती माउली! तिला एक वाक्य पुरं करू देत नाही हा माणूस. मला एकदा तिला शांतपणे विचारायचंय, बाई गं, 'अहो, पण त्यांना' याच्यापुढे तुला नेमकं काय म्हणायचं असतं?"

मग तिने पहिल्यांदाच काचेबाहेर बघितलं. खाली नदी चमकत होती.

"छान आहे हो," ती म्हणाली. "हे तुम्ही इतकी वर्षं का नाही दाखवलंत मला?"

डॉक्टरांनी आयुष्यातलं सर्वोत्तम लँडिंग केलं. चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. विमान थांबवून ते मोठ्या दिमाखात खाली उतरले आणि कुणीतरी वाहवा करेल म्हणून थांबले. कुणीच केली नाही. सगळे खोलीच्या दारात उभे होते. लेकीने तोंडावर हात ठेवला होता. कॅप्टन पुढे आली आणि कानाशी म्हणाली, "काका, काकूंचा अंगठा बटणावर होता. सगळं ऐकू आलं."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. बायको तर जिथल्या तिथे पुतळा झाली. तिने नवऱ्याकडे बघितलं; तुम्हीही फुगा म्हणालात, सांगा ना, असं ते बघणं होतं. डॉक्टर पंखाचा एक स्क्रू निरखायला लागले.

व्याही सावकाश चालत आले. लग्नाचा हॉल, छापायला गेलेल्या पत्रिका, लेकीचा चेहरा, सगळं डॉक्टरांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"वहिनी," व्याही म्हणाले, "मी पांढरा पडलो नव्हतो. उन्हाने तसं वाटलं असेल."

"पडला होतात," मागून विहीणबाई म्हणाल्या.

"बरं, जरासा पडलो असेन. पण एक वाक्य पुरं करू देत नाही, हे काही..."

"देत नाही," विहीणबाई म्हणाल्या.

व्याह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगा हसला, मग लेक हसली, मग विहीणबाईंनी पुढे होऊन डॉक्टरांच्या बायकोचा हात हातात घेतला आणि त्या दोघी ज्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. डॉक्टरांनी मग कुठे स्क्रूवरची नजर काढली.

व्याह्यांनी गॉगल काढून खिशात ठेवला. "चला डॉक्टर," ते म्हणाले, "आता माझी फेरी. आणि ते बटण मी स्वतः दाबून धरणार. मी घाबरलो नाही, हे सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

विमान उडालं. व्याह्यांनी पहिल्या वळणाला डोळे मिटले, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि बटणाचा विषयच संपला. डॉक्टरांनी नदी दाखवली, गाई दाखवल्या, लांबून आपली इमारत दाखवली. शेजारून हूं की चूं नाही. कानाला इतकं बरं वाटत होतं की डॉक्टरांनी एक वळण जास्तच घेतलं.

एवढ्यात हेडफोनमध्ये कॅप्टनचा आवाज आला. "काका, विहीणबाई इथे रेडिओपाशी खुर्ची घेऊन बसल्यात. विचारतायत, पेट्रोल किती आहे?"

"भरपूर आहे. का?"

थोडी खरखर झाली आणि मग रेडिओवर विहीणबाईच बोलल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा सुटा करत.

"अहो, पण त्यांना म्हणावं, खाली यायची मुळीच घाई करू नका."

कुणीही मधे बोललं नाही.